वारकऱ्याचा नित्यनेम आणि हृदयविकार

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा गावच्या एका वयोवृद्ध माळकरी गृहस्थांनी आम्हांस प्रश्न विचारला आहे. ते म्हणतात, "आम्ही मांस-मच्छीला शिवत नाही, दारूच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही, महिन्याच्या दोन्ही एकादश्या करतो. मग आमच्यातल्या माळकऱ्यास हृदयविकाराचा झटका येतोच कसा? आणि येत असेल तर माळेचा उपयोग तो काय?" प्रश्न सरळ आहे आणि त्यात थोडा रागही आहे. राग असावा, आपल्याबरोबर टाळ वाजविणारा माणूस एका सकाळी उठत नाही, तेव्हा असा प्रश्न मनात येणारच.

पहिली गोष्ट ही की माळ गळ्यात घालावयाची ती पांडुरंगाचे होण्यासाठी. रोग येऊ नये म्हणून बांधावयाचा तो ताईत नव्हे. परंतु जिभाऊंच्या प्रश्नाला एवढेच उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो तर ती पळवाट होईल. कारण माळेबरोबर जो नेम येतो, म्हणजे शाकाहार, व्यसनत्याग, उपवास, पायी वारी, रोजचा हरिपाठ, तो हृदयाला खरोखरच मानवणारा आहे. मग बिघडते कुठे? आमच्या मते बिघडते ते असे की नेमाचे नाव राहिले आणि माप गेले. हे कसे, ते आता पाहू.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा मांसाचा गोळा. संतांनी ज्या हृदयात विठ्ठल पाहिला ते वेगळे. हे बिचारे दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावून सर्व शरीराला रक्त पुरविणारे आहे. त्याला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते त्याच्यावरून गेलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. आपल्याकडे कापसाला, पपईला ठिबक असते. क्षारांनी ठिबकची नळी आतून हळूहळू चोंदत जाते आणि एके दिवशी शेवटच्या झाडाला पाणीच पोहोचत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तसाच चरबीचा थर वर्षानुवर्षे साचतो. फरक इतकाच की नळी सावकाश चोंदते, आणि इथे तो थर एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट एकदम बंद होते. तोच झटका. म्हणजे झटका एका क्षणात येतो खरा, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते, आणि तेवढीच वर्षे ती रोखण्यासाठी आपल्या हाती असतात.

या तयारीला कोण हातभार लावतो याचा शोध जगभर झालेला आहे. २००४ साली इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५२ देशांतील सुमारे तीस हजार माणसे तपासली होती. पहिल्या झटक्यामागचा बहुतेक सारा धोका, दहांपैकी नऊ भाग म्हणा ना, मोजून नऊ गोष्टींत सापडला : तंबाखू, रक्तातील चरबीचा बिघाड, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण, भाजी-फळे कमी खाणे, दारू आणि हालचालीचा अभाव. आणखी एक गोष्ट त्यात दिसली ती आपल्याला चटका लावणारी आहे. भारत व शेजारच्या देशांतील माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, पन्नाशीच्या आगेमागे येतो. म्हणजे मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, कर्ज फिटावयाचे आहे, अशा वयात.

आता वाचकांनी ही नऊ नावे पुन्हा पाहावीत. मांसाहार न करणे हे त्या यादीत स्वतंत्रपणे कुठेच नाही. शाकाहार चांगलाच आहे, भाजी, डाळ, फळे अंगी लागतात. पण शाकाहारी माणूस तळलेले खातो, मीठ भरपूर खातो, तंबाखू चघळतो आणि दिवसभर ओट्यावर बसून राहतो, तर केवळ शाकाहार त्याला तारणार नाही. जिभाऊंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे.

तंबाखूचे नाव निघाले म्हणून स्पष्टच बोलतो, कोणी रागावू नये. कीर्तनास उभे राहण्यापूर्वी मळलेली चिमूट ओठाखाली सारणारे बुवा आम्ही पाहिले आहेत. भजनाच्या मध्यंतरात पेटणाऱ्या विड्या पाहिल्या आहेत. आमच्या मायभगिनी तर दात घासावयाच्या निमित्ताने दिवसातून चार-चार वेळा मिसरी लावतात आणि 'आम्हांला कसलेही व्यसन नाही' असे मनापासून सांगतात. दारूची बाटली दिसते म्हणून ती पाप, आणि चुन्याची डबी खिशात मावते म्हणून ती चालते, हा न्याय कुठला? धूर ओढणाऱ्यालाच हृदयविकार होतो ही समजूतही खरी नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातच तंबाखू नुसती चघळणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. उलट, विडी सोडणाऱ्याला हृदय लवकर क्षमा करते. सोडल्यापासून वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो. साठीच्या माणसाने 'आता सोडून काय उपयोग' असे म्हणू नये.

व्यसन एकट्याने सुटत नाही, मंडळीत सुटते, हे सांगण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात, तळोदे भागात, १९३७-३८ च्या सुमारास संत गुला महाराजांच्या आरतीला भिल्ल बांधव हजारोंनी जमत. तेथे त्यांनी दारू सोडली, स्वच्छ राहण्याचे व्रत घेतले. कोणी दंड केला नव्हता, कोणी दवाखाना काढला नव्हता. एका आरतीने आणि एकमेकांच्या देखत दिलेल्या शब्दाने ते घडले. गाडगेबाबा तर १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनातून दारू, कर्ज, पशुहत्या आणि घाण यांच्यावरच कोरडे ओढीत राहिले. तेव्हा कीर्तनात तंबाखूचा आणि रक्तदाबाचा विषय काढल्याने कीर्तन बाटेल अशी भीती कोणी बाळगू नये. धानोऱ्याच्या काय, कोणत्याही गावच्या भजनी मंडळाने ठरविले की आपल्या मंदिराच्या पायरीवर डबी उघडावयाची नाही, तर निम्मे काम झाले.

आता मिठाकडे वळू. हा शत्रू गोड बोलून घरात शिरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपण त्याहून बरेच जास्त खातो. हिशेब बायाबापड्यांना सोपा जावा म्हणून असा करू : पाच मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला फार तर पाऊण किलो मीठ, आणि त्यात लोणचे, पापड, चटणी यांतले मीठही धरावयाचे. तुमच्या घरी किलोची पिशवी किती दिवसांत संपते ते पाहा. खान्देशात उन्हाळ्यात घरोघर उडदाचे पापड, बिबडे, कुरडया होतात. पापडखारातही मिठातलाच सोडियम असतो, म्हणून पापड दोन्हीकडून खारट. उपवासाला लोक सैंधव वापरतात आणि ते बाधत नाही असे समजतात. सैंधवही बव्हंशी मीठच आहे. उपवासाला चालते याचा अर्थ रक्तदाबाला चालते असा नव्हे.

मिरचीला मात्र आम्ही दोष देत नाही. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळते तो आपल्या भागाचा मान आहे. तिखटाने हृदय बिघडत नाही. तिखटाबरोबर ठेच्यात पडणारी मिठाची मूठ आणि शेवभाजीवर तरंगणारी तेलाची तर्री, ही बाधतात. अक्राणीकडचे आमचूर किंवा लिंबू भाजीत पडले की मीठ कमी असूनही जिभेला कळत नाही, हा प्रयोग सुगरणींनी करून पाहावा. पहिले पंधरा दिवस घरचे पुरुष कुरकुर करतील, करू द्यावी. जीभ महिन्याभरात वळणावर येते. तेलाचेही तसेच : माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आत भागवावे, आणि एकदा तळून काळे झालेले तेल पुन्हा कढईत घालू नये. भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे हे आपले जुने जेवण हृदयाचेच जेवण आहे. ते सोडून आपण पावडरीच्या पुड्यांमागे धावतो याचे आश्चर्य वाटते.

स्वयंपाकघरातच आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुषांच्या ध्यानात येत नाही. चुलीचा धूर केवळ डोळ्यांना आणि छातीलाच नव्हे, हृदयालाही बाधतो. घरात गॅस असूनही भाकरी चुलीवरच हवी असा हट्ट धरणाऱ्यांनी तो धूर कोण गिळते याचा विचार करावा. निदान चूल मोकळ्या पडवीत घ्यावी.

एकादशीविषयी लिहिणे नाजूक आहे, पण टाळता येत नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच घरातून निघालेली आहे. मूळ नेम काय होता? दशमीला हलके खाणे, एकादशीला पोटास विश्रांती आणि मनास नाम, द्वादशीला साधे पारणे. आज सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी तळलेले वडे, मध्ये बटाट्याचे वेफर, रात्री पुन्हा दाण्याची आमटी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसते पीठूळ सत्त्व. मधुमेह असलेल्याची साखर त्याने झरझर चढते. महिन्यातले दोन दिवस असे गेले तर उपवास हृदयाच्या कामी न येता उलटा अंगावर येतो. भगर, ताक, काकडी, रताळे, एखादे फळ, एवढ्यावर एकादशी सुरेख होते.

परंतु खाण्यापेक्षाही मोठी चूक दुसरीच आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. पुष्कळ वारकरी एकादशीला रक्तदाबाची गोळी घेत नाहीत. उपवास मोडेल म्हणतात. काही जण तर माळ घालताना 'आता पांडुरंग पाहून घेईल' म्हणून औषध कायमचेच बंद करतात. बंधूंनो, व्रताचे शास्त्र सांगणाऱ्यांनी पूर्वीच आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे सांगून ठेवले आहे, आणि त्या आठांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्याबरोबर औषधाचेही नाव आहे. गुरूची आज्ञाही आहे. म्हणजे शास्त्राची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आपल्या समजुतीची. रक्तदाबाची गोळी ही तापाच्या गोळीसारखी नसते. ताप उतरला की ती गोळी थांबते. रक्तदाबाची गोळी चालू असते म्हणूनच दाब ताब्यात असतो. 'माझा दाब आता बरोबर आहे, गोळी कशाला' असे म्हणणे म्हणजे बांध घातल्यावर पाणी थांबले म्हणून बांधच काढून टाकणे होय. मधुमेहाचे इंजेक्शन किंवा गोळी घेणाऱ्यांचे मात्र थोडे वेगळे आहे. औषध घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम उतरून चक्कर येते, शुद्ध हरपते. त्यांनी उपवासाच्या दिवशी काय घ्यावे आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. आणि डॉक्टर उपवास नको म्हणाले तर तुळशीपत्र जिभेवर ठेवून साधे जेवावे. पांडुरंग हिशेब ठेवणारा सावकार नाही.

रक्तदाब वाढलेला असताना बहुधा काहीच दुखत नाही. त्यामुळे 'मला काही होत नाही' हा पुरावा धरू नये. दंडाला पट्टा बांधून मोजल्याशिवाय तो कळत नाही. १२०-८० च्या आत उत्तम; पुन्हा पुन्हा मोजून १४०-९० किंवा त्याहून वर राहिला तर औषधाचा विचार हवा. वयाची तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत तपासतात. बाजारच्या दिवशी तासभर काढला की काम होते.

नामाविषयी एक गोष्ट वाचकांना आवडेल. २००१ साली इटलीतील बर्नार्दी नावाच्या डॉक्टरांनी जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि आपल्याकडचा मंत्रजप, दोन्ही म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. तो मिनिटाला सहाच्या आसपास येत होता, आणि त्या लयीत हृदय व रक्तदाब यांचा मेळ अधिक चांगला बसत होता. शांतपणे, श्वास लांबवीत हरिपाठ म्हणणाऱ्यास हे नवीन नाही. भाऊबंदकी, कर्ज, मुलाची नोकरी यांचा घोर ज्याला संध्याकाळी देवळात उतरविता येतो त्याचे हृदय हलके राहते. मात्र हरिनाम सप्ताहात सात रात्री जागरण आणि सात दिवस वरण-बट्टी व बुंदी, याला आम्ही हृदयाची सेवा म्हणणार नाही. बट्टीवर तुपाची वाटी ओतणारा वाढपी प्रेमळ असतो, पण त्याचा हात धरावा.

राहिली वारी. १९५३ साली लंडनमध्ये डॉक्टर मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि तिकीट देणारे वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा पगार, वस्ती, खाणे जवळपास सारखेच. पण दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा बराच कमी होता. आपल्या आजोबांना हे सांगावे लागले नसते. बाजार, शेत, पाहुणे, सगळे पायी. आज गल्लीच्या टोकाला जावयास मोटरसायकल लागते. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता यावे पण गाता येऊ नये इतक्या वेगाने चालणे, एवढे हृदयाला पुरते. शेतात खरोखर राबणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण ट्रॅक्टरवर बसणे म्हणजे राबणे नव्हे.

आणि अकरा महिने न चालणारा माणूस आषाढ आला की एकदम दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालू लागतो. आळंदीहून निघणारी वाट अडीचशे किलोमीटरांच्या घरातली, त्यात दिवे घाटाची चढण. खान्देशातून जाणारी मुक्ताईची पालखी तर पाचशे किलोमीटरांहून अधिक चालते. ऊन, घाम, कमी झोप, आणि पडशीत राहून गेलेली गोळी. दरवर्षी वाटेवर काही वारकरी देह ठेवतात. पुण्य मरण आले असे म्हणून आपण हात जोडतो. त्यांतले काही तरी टळण्याजोगे होते असे आम्हांस वाटते, आणि घरी वाट पाहणाऱ्या त्यांच्या माणसांनाही तसेच वाटत असेल. ज्यास वारीस जावयाचे आहे त्याने अक्षय तृतीयेपासूनच चालण्यास सुरुवात करावी : आधी दोन किलोमीटर, दर आठवड्याला थोडे वाढवीत. हृदयाचा आजार आधीच झालेला असेल, जाळी बसविलेली असेल, चढावर छाती भरून येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. ते नको म्हणाले तर पंढरी मोटारीने गाठावी. विठोबा वाटेचा दाखला मागत नाही.

वाटेत किंवा घरी छातीच्या मधोमध दाब, जडपणा, जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, गार घाम, अशी लक्षणे दिसली तर सोडा पाजत, 'गॅस धरला' म्हणत वेळ दवडू नये. बायकांना आणि मधुमेह्यांना कधीकधी कळ येतही नाही; नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते. अशा माणसास चालवू नये, जागच्या जागी बसवावे आणि १०८ ला फोन करावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या तासात मिळाले तर हृदयाचा बराचसा भाग वाचतो. बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा राहत नाही. म्हणून धानोऱ्यासारख्या गावातून कुठे न्यावयाचे, नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात की आणखी कुठे, हे रात्री दोन वाजता न ठरविता आजच ठरवून ठेवावे.

माणूस कोसळला, हाक दिली तरी उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून सरळ हातांनी जोराने दाबावे. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशे वीस दाब. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. टाळकऱ्यास ही लय सांभाळणे जड जाऊ नये. एक थकला की दुसऱ्याने घ्यावे, मध्ये खंड पडू देऊ नये. दिंडीत हे येणारी चार माणसे तरी असावीत आणि प्रत्येकाच्या पडशीत एक चिठ्ठी असावी : नाव, गाव, घरचा फोन, कोणते आजार, कोणत्या गोळ्या. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावी. आषाढात पाऊस असतो.